सटीचे आकडे

नाव नवीन, पण त्याच्या घरात नवीन म्हणावं असं काही नाही. बापाच्या वेळचा पंखा, आईच्या वेळचं कपाट, आणि पुढच्या खोलीत एक लांब टेबल. टेबलाभोवती पाच खुर्च्या. माणूस एक आणि खुर्च्या पाच! मी अख्खी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली, कर्जत डेपोला. रिकाम्या सीटा घेऊन गाडी निघाली की माझ्या कपाळाला आठी पडायची. नोकरी संपली, आठी राहिली. समोरच्या घरातल्या त्या खुर्च्या मला माझ्या खिडकीतून रोज दिसतात.

भिवपुरी स्टेशनापासून आत आमची आळी. नवीनचे वडील वीजकेंद्रात ऑपरेटर होते, त्यामुळे त्याचं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. रिटायर झाल्यावर वडिलांनी हे घर बांधलं आणि मग आधी ते, त्यांच्यामागून आई, असे दोघंही गेले. नवीन कुंभिवलीला, हायवेच्या कडेला एका पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. सकाळी मोटरसायकलवर जातो, दिवेलागणीला येतो. चाळिशी कधीच ओलांडली. लग्नासाठी मुली बघायला गेला की मुलीशी एक शब्द बोलायचा नाही आणि तिच्या आजीशी तासभर गप्पा मारून यायचा. शेवटी मध्यस्थच कंटाळले.

दर रविवारी दुपारी त्याच्या घरातून खडखड ऐकू यायची. खडखड, मग शांत, मग परत खडखड. एकदा मला राहवलं नाही. घावन केले होते, ते ताटलीत घेतले आणि सरळ आत शिरले. बघते तर हा टेबलाशी एकटाच बसलेला, समोर तीन फासे, हातात पेन्सिल.

"काय रे, स्वतःशीच जुगार खेळतोस?"

"जुगार नाय मावशी," तो लाजून म्हणाला. "माणसं करतो."

मग त्यानं सांगितलं. पनवेलला पॉलिटेक्निकला असताना हॉस्टेलवर त्याला चार मित्र भेटले आणि त्यांच्याबरोबर हा खेळ भेटला. एकानं गोष्ट सांगायची, तो सूत्रधार. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस आपलं म्हणून घ्यायचं. सूत्रधार विचारणार, समोर नदीला पूर आलाय, आता काय करशील? आपण आपल्या माणसाच्या तोंडून बोलायचं आणि जमलं की नाही ते फाशांनी ठरवायचं. पण त्याआधी ते माणूस घडवावं लागतं. त्याचे सहा गुण, आणि प्रत्येक गुणाला एक आकडा. खेळ मुळात इंग्रजी, पण नवीननं सगळ्याला आपली नावं दिली होती: बळ, चपळाई, काठी, हुशारी, शहाणपण आणि वजन. काठी म्हणजे अंगकाठी, दुखणं-खुपणं सोसायची ताकद.

"आणि वजन कशाला? माझं पंचावन्न किलो आहे, लिही."

"ते वजन नाय हो. चारचौघांत तुमच्या शब्दाला किती वजन हाय, ते."

बरं, म्हटलं. मित्रांचं विचारलं तर एक कतारला, एक बेंगळुरूला, एक लग्न करून नागपूरला. चौथा पनवेललाच आहे आणि तोच फोन उचलत नाही. फोनवर व्हिडिओ लावून खेळायचं त्यांनी काही दिवस करून बघितलं, पण कधी याला रेंज नाही, कधी त्यांना वेळ नाही. खेळ बंद पडला. हा मात्र दर रविवारी बसून माणसं घडवत राहिला. एकेका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एकेक माणूस. पुठ्ठ्याला काय तोटा, कंपनीच खोक्यांची. बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा होता, तो वरपर्यंत भरला होता.

त्यानं वरचा एक तुकडा काढून दाखवला. "ही रुचिता. चपळाई सोळा, काठी पाच. कसल्याही झाडावर सरसर चढंल, पण भिजली की आठ दिस खाटंवर."

"मग पुढे काय होतं तिचं?"

"पुढं काय नाय. खेळायला कोण हाय?"

आणि त्यानं डब्याला झाकण लावलं. मला एकदम भरून आलं. मला भरून आलं की मी ओरडते. "एवढा घोडा झालास, आणि खोटी माणसं डब्यात भरतोस? आणि त्या पोरीची काठी वाढव की! पेन्सिल तुझ्याच हातात आहे ना?"

"तसं चालत नाय मावशी. तिचे आकडे सटीनं काढलेत."

सटी म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मूल झालं की सहाव्या रात्री त्याच्या उशाशी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. तिनं लिहिलेलं खोडता येत नाही. नवीनच्या खेळात माणूस घडवायच्या पद्धती बऱ्याच होत्या आणि तो त्यांना अशीच नावं द्यायचा. त्यातली सगळ्यांत जुनी आणि कडक पद्धत म्हणजे तीन फासे टाकायचे, बेरीज करायची, ती पहिल्या गुणाला लिहायची. असं सहा वेळा, ओळीनं. जास्तीत जास्त अठरा, कमीत कमी तीन. हा आकडा इकडचा तिकडे नाही, परत टाकणं नाही. जे पडलं ते पडलं. ही त्याची सटी.

"माझ्या सटीच्या राती क्वार्टरातली लाइट गेलती," तो हसून म्हणाला. "वीजकेंद्राच्या दारात ऱ्हाऊन अंधार! आई म्हणायची, सटवाईला नीट दिसलं नसंल, म्हणून तुझं असं. नोकरी लागंना, लगीन जमंना, सगळ्याला तेच. पण मावशी, अंधारात लिवलं तरी लिवलेलंच ना?"

मी घावन ठेवले आणि घरी आले. माझी मुलगी अपेक्षा पुण्याला असते, रविवारी तिचा फोन येतो. त्या दिवशी तो आला नाही, आणि समोरची खडखड मी नेहमीपेक्षा जास्त ऐकली.

आता धाकलू. धाकलू आमच्या आळीच्या टोकाला राहतो. रेल्वेत गँगमन होता, घाटात ठाकुरवाडीला बरीच वर्षं रूळ ठोकले. पेन्शनीवर बसल्यापासून त्याला एकच काम, मटका. बायको अंबाबाई कपाळ बडवून थकली. ज्यांनी मटका पाहिला नाही त्यांचं भलं झालं, पण गोष्ट कळायला एवढं ठाऊक हवं: मटक्यात तीन आकडे निघतात, त्यांची बेरीज करतात आणि बेरजेचा शेवटचा आकडा धरतात. तोच आकडा ज्यानं आधी लावला असेल त्याला लागला. हा आकडा आधी कळावा म्हणून धाकलू स्वप्नं, गाड्यांचे नंबर, कोंबड्याचं आरवणं, कशातूनही आकडा काढायचा.

एका रविवारी तो माझ्या ओट्यावर चहा पीत बसला होता. नवीन समोर आपल्या दारात आला तशी मी सहज ओरडले, "काय रे, चाललंय का तुझं?"

"हां मावशी," तो म्हणाला, "आकडे काढतोय."

धाकलूचा कप हवेतच थांबला. मला त्याक्षणी कळायला हवं होतं, पण मला वाटलं चहा कढत असेल. तो उठला, हळूच समोरच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. आत नवीननं तीन फासे टाकले, सहा, पाच, तीन, आणि मोठ्यानं म्हणाला, "चौदा." तीन आकडे, त्यांची बेरीज. धाकलूला आणखी काय हवं? त्यानं शेवटचा चार धरला, लावला, आणि दुसऱ्या दिवशी चार लागला!

मग आळीत जे व्हायचं ते झालं. नवीन बिचारा घरोघर सांगत फिरला, अहो, हे ते आकडे नाहीत. जितकं नाही म्हणावं तितका लोकांचा विश्वास वाढला. धाकलू तर डोळा मिचकावून म्हणायचा, "बरोबर हाय. उघड सांगायचं नसतंच."

पुढच्या रविवारी दुपारी नवीनच्या दारात तीन माणसं उभी होती. एक धाकलू. दुसरी शकू, जी कर्जतच्या बाजारात भाजी विकते आणि जिच्याशी भाव करायला मी अजून घाबरते. तिसरा वाघ्या, टेंपोवाला. नाव त्याचं वेगळंच आहे, पण हॉर्न ऐकलात तर वाघ्या का म्हणतात ते कळेल. तिघांना एकच हवं होतं, उद्याचा आकडा.

मी माझ्या खिडकीत होते. नवीनचा चेहरा मला दिसत होता. तोंड उघडलं होतं, म्हणजे पुन्हा 'नाही' सांगणार होता. तेवढ्यात वाघ्यानं एक खुर्ची ओढली आणि बसला. मग शकू बसली. मग धाकलू. नवीन त्या भरलेल्या खुर्च्यांकडे बघतच राहिला. आणि म्हणाला, "आकडा असा निघत नाय. आधी खेळावं लागतं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. बस भरली की मला बरंच वाटतं.

प्रत्येकानं माणूस घडवलं, आणि बघा, ज्याची त्याची पद्धत सांगायच्या आधीच ओळखू यावी. शकूला सटी सांगितली तर ती म्हणाली, "न बघता कोण घेतं? मी दगड-बिगड काढून निवडून घेईन." मग नवीननं तिला बाजार दिला. बाजारात खेळातले ठरावीक पैसे हातात मिळतात, त्यांतून आकडे विकत घ्यायचे. बळ जास्त घेतलं तर हुशारीला कमी उरतात, आणि वरचे आकडे महाग. शकूनं तासभर घासाघीस केली आणि वर कोथिंबीर मागावी तसा एक पैसा जास्तीचा मागितला. वाघ्याला फाशांचा भरवसा नव्हता. त्याला नवीननं रेशन दिलं, म्हणजे सगळ्यांना सारखेच सहा आकडे, कुठे कुठला लावायचा एवढंच आपल्या हातात. वाघ्या खूश. आणि धाकलूला हवे होते फासे, पण मार नको होता. त्याच्यासाठी आजोळची पद्धत होती. चार फासे टाकायचे आणि सगळ्यांत लहान असेल तो डोळ्याआड करायचा, आजोळी पोराची खोडी डोळ्याआड करतात तसा. धाकलूनं बळाला चार टाकले: सहा, सहा, दोन आणि सहा. दोन काढला. अठरा!

"ह्यो गोमा," धाकलू म्हणाला. त्याला नाव कुणी विचारलंही नव्हतं. "रूळ एकटा उचलतो."

नवीननं गोष्ट घाटातली घेतली. ठाकुरवाडीच्या वर डोंगरात एक बुजलेला बोगदा आहे, आत कुणी तरी दिवा घेऊन फिरतंय, आणि गावातली जनावरं एकेक करून नाहीशी होतायत. आता तुम्ही काय कराल? पहिल्या रविवारी तिघंही घड्याळ बघत खेळले. शेवटी नवीननं तीन फासे टाकून एक आकडा सांगितला आणि ते पळाले. तो लागला नाही. धाकलू म्हणाला, आपण मन लावून खेळलो नाय, म्हणून.

मग ते मन लावून खेळू लागले. काय सांगू तुम्हाला! वाघ्याचा माणूस बोगद्याच्या तोंडाशी घाबरला तेव्हा वाघ्या स्वतः खुर्चीत मागे सरकला. शकूनं बोगद्यातल्या दिवेवाल्याशी असा सौदा केला की त्यानं दोन म्हशी परत दिल्या. आणि धाकलू! गुडघे धरून चालणारा म्हातारा, गोमा झाला की उभा राहून बोलायचा. "सरा बाजूला! गोमा हाय ना म्होरं!" माझ्या घरात भांडं पडलं तरी ऐकू येत नसे, इतका त्यांचा गलका. पाचवी खुर्ची रिकामी होती. नवीन मला दर वेळी म्हणायचा, "मावशी, तुमी या की." मी म्हणायचे, मला वेळ नाही. खरं तर माझ्याकडे वेळाशिवाय दुसरं काय आहे? पण इतकी वर्षं लोकांना बसवण्यात गेली, स्वतः बसायचं म्हटलं की लाज वाटते.

एका संध्याकाळी ते तिघं गेल्यावर नवीन धावत माझ्याकडे आला. चेहरा पोरासारखा फुलला होता. "मावशी, आज कुणी आकडा इचारलाच नाय! इसरले! बोगद्यात पाणी भरलं तिथं थांबलो, आणि तसेच बोलत-बोलत घरी गेले!"

त्याला इतकं आनंदलेलं मी त्याच्या आईच्या हयातीतही पाहिलं नव्हतं. मी त्याला जेवू घालूनच पाठवलं.

त्याच आठवड्यात अंबाबाई माझ्याकडे आली. ती दारातच बसली, आत येईना. गळ्यात गंठण नव्हतं. मी काय ते ओळखलं, बाकीचं तिनं सांगितलं. धाकलू गुपचूप मधल्या वारी नवीनकडे जाऊन आकडा मागत होता. नवीन नाही म्हणाला तर खेळात पडलेल्या फाशांची स्वतःच बेरीज करत होता. शेवटी अंबाबाईचं गंठण गहाण टाकून त्यानं एकाच आकड्यावर लावलं होतं. अंबाबाई रडतही नव्हती. "जनीबाय," ती म्हणाली, "त्या पोराला सांग, त्यानं खरं सांगावं. माझं नाय ऐकत. त्याचं ऐकंल."

मी नवीनला सांगितलं तेव्हा त्यानं फासे गोळा करून मुठीत घेतले. मग म्हणाला, "सांगितलं तर येणार नायत."

"नाही येणार," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"धाकलूकाका एकदा खेळला की त्याला आकड्याची आठवण ऱ्हात नाय, मावशी. आजून थोडे रविवार गेले असते तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "रविवारी तुमी या. मला एकट्याला बोलता येणार नाय."

रविवारी मी दाराशी उभी राहिले. तिघं आपापल्या खुर्चीवर बसले. धाकलू तर उभाच होता, गोमाला पाण्यात उडी मारायची होती. नवीननं फासे टाकले. दहा. पुन्हा टाकले. सात. पुन्हा टाकले. बारा.

"सांगा," तो म्हणाला, "यातला कंचा आकडा उद्या निघणार?"

"तूच सांग की," वाघ्या हसला.

"मला ठाऊक नाय. कधीच ठाऊक नव्हतं. पयला चार लागला तो लागायचा म्हणून लागला. हे नुसते फासे हायत. मी यातनं खेळातली माणसं करतो, बाकी यात काय नाय."

शकू उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "खुळा हायस का रं तू?" वाघ्याचा आवाज चढला. "मग इतके रविवार आमाला बसवून कशाला घेतलंस?"

नवीननं मान वर केली नाही. "तुमी येत होता म्हणून," तो म्हणाला.

वाघ्यानं खुर्ची मागे ढकलली आणि गेला. त्याच्यामागून शकू. धाकलू मात्र टेबलाला धरून उभा होता. मला वाटलं शिव्या घालील. तो हळूच म्हणाला, "म्हंजी गोमा बी खोटाच का रं?"

"नाय काका. गोमा खरा हाय."

"पाण्यात उडी मारायची ऱ्हायली त्याची," धाकलू म्हणाला, आणि गुडघा धरून पायरी उतरला.

नंतर धाकलूचा मुलगा साईराज बदलापूरहून आला, आईचं गंठण सोडवलं आणि बापाला त्या घराची पायरी चढायची बंदी करून गेला. वाघ्यानं चहाच्या टपरीवर नवीनची टर उडवली, पोरांच्या फाशांवर आमाला नाचवलं म्हणून. ज्यांनी आकडे घेतले होते ते सगळे शहाणे झाले आणि हा एकटा वेडा ठरला. मला फार राग आला. वाघ्याच्या टेंपोला मी आजही हात करत नाही. पण माझ्या रागाचं तो काय करणार?

त्यानंतर खडखडही बंद झाली. रविवारी समोरचं दार लोटलेलं असायचं. कामावर जाता-येता तो मला हात करायचा, हसायचाही, पण थांबायचा नाही. मी दोनदा डबा नेऊन दिला. टेबलावर फासे नव्हते. खुर्च्या मात्र पाचही तिथेच होत्या, शकूची जरा बाहेर ओढलेली, ती उठून गेली तशी. त्यानं ती आत सारलीसुद्धा नव्हती.

दिवाळी झाली. भात झोडून झालं. एका रविवारी दुपारी मी शेंगा उकडत ठेवल्या होत्या आणि समोरून आवाज आला. आधी फासे. मग, "सरा बाजूला! गोमा हाय ना म्होरं!" माझ्या हातातला झारा खाली पडला. धाकलू! पाठोपाठ शकूची ठसक, "आधी भाव सांग, मंग बोगद्यात येते." मग वाघ्या काहीतरी गुरगुरला. आले, म्हटलं! सगळे आले! मी तशाच गरम शेंगा परातीत ओतल्या, चौघांना पुरतील एवढ्या, वर मीठ टाकलं आणि चपलाही न घालता रस्ता ओलांडला.

दाराशी पोचले तर आतून आणखी एक आवाज आला. बाईचा, कडक. "पुढे चला, पुढे चला, दारात उभं राहू नका! आणि तू रे, सकाळपासून काही खाल्लंस का?" कोण बया ही, असं वाटलं. आवाज ओळखीचा होता. मग कळलं. ती मी होते.

मी दार ढकललं. खोलीत नवीन एकटा होता. टेबलावर प्रत्येक रिकाम्या खुर्चीसमोर एकेक पुठ्ठ्याचा तुकडा मांडलेला, गोमाचा धाकलूच्या जागी, शकूचा शकूच्या जागी, वाघ्याचा त्याच्या. पाचव्या खुर्चीसमोरही एक होता. मला बघून तो असा उठला की फासे जमिनीवर सांडले. कानापर्यंत लाल झाला होता. हसावं की रडावं मला कळेना, म्हणून मी ओरडले.

"माझंही माणूस केलंस? मला न विचारता? दाखव आकडे."

"मावशी, ते सटीनं—"

"दाखव म्हणते ना!"

मी परात ठेवली आणि तुकडा उचलला. बळ सात. चपळाई नऊ. काठी अकरा. हुशारी आठ. "आठ?" मी म्हटलं. "मी चालत्या गाडीत अख्ख्या बसचा हिशेब तोंडी करायचे, आणि हुशारी आठ?"

"पडलं ते पडलं," तो पुटपुटला.

शहाणपण दहा. बरं, चालेल. खाली शेवटचा गुण, वजन. त्यासमोर अठरा.

आता मला एवढं कळत होतं की तीन फाशांवर अठरा म्हणजे तिन्ही सहा, आणि ते सहजासहजी पडत नाहीत. बाकीचे आकडे पेन्सिलीनं लिहिलेले, हा पेननं. मी त्याच्याकडे बघितलं.

"हे पडलं?"

तो खाली वाकून फासे गोळा करत होता. वर न बघता म्हणाला, "नाय. ते लिवलं."

रुचिताची काठी पाचाची सहा न करणारा माणूस हा. सगळ्या नोकरीत, घरात, मुलीच्या संसारात, कुठेच माझ्या शब्दाला कुणी एवढं वजन दिलं नव्हतं. डोळे पुसायला पदर घेतला आणि शेंगांचा वाफारा लागला असं दाखवलं.

मग मी पाचवी खुर्ची ओढली आणि बसले. "गाडी कुठे थांबली होती?" मी विचारलं.

"बोगद्यात पाणी भरलंय. गोमाला उडी मारायची हाय."

मी बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा वाजवलं, टक-टक. डबल बेल, म्हणजे गाडी सोडा. गोमानं उडी मारली.

आता दर रविवारी मी जाते. माझं मी बोलते. बाकीच्या तिघांचं अजून तोच बोलतो.